अमेरिकेच्या डब्यातली सुरंगी

काजूचा तो कारखाना कायमचा बंद झाला त्या दिवशी मी घरी तांदळाच्या शेवयांचे शिरवाळे केले. नारळाचा रस काढला, गूळ घातला, वेलची कुटून घातली आणि भरून दोन वाट्या खाल्ल्या. आई म्हणाली, "चाळीस घरांची चूल इझली, नि तू गोडधोड करतंस?" मी म्हटलं, "करतंय. उरले तर उद्या पण खातंय." वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा काही निवला नाही बाई. मन हलकं करायला मी हे लिहीत नाही. त्या मालकाने काय केलं आणि मी त्याचं काय केलं, ते माझ्या शब्दांत राहावं एवढ्यासाठी लिहिते.

आमचं गाव शिरोड्याच्या अलीकडचं. कारखाना गावाच्या वेशीला. वडील गेले तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि तिसऱ्या महिन्यात आई त्या कारखान्यात जाऊन बसली. आधी बी फोडायला. काजूच्या टरफलाचं तेल हाताला लागलं की कातडी सोलून निघते. आईच्या बोटांवर रेषा अशा उरल्याच नव्हत्या. बँकेत अंगठा उठवला की कारकून वैतागायचा, म्हणायचा परत उठवा. मग तिची नजर पाहून तिला निवडीला बसवलं. समोर गरांचा ढीग, त्यातून अख्खा पांढरा गर एकीकडे, डागी एकीकडे, तुकडा एकीकडे. आईच्या हाताखालून डागी गर निसटला असं कधी झालं नाही. तिच्या टेबलावरून माल थेट डब्यात जायचा. कारखान्याचा नियमच होता, शेवटचा हात जिचा, माल तिचा. काही चूक निघाली तर उत्तर तिने द्यायचं.

आई लागली तेव्हा तिथे बारा महिने काम असायचं, कारण बी आफ्रिकेतून यायची. बोटीने मुंबईला, तिथून ट्रकने आमच्याकडे. गोणींवर परदेशी अक्षरं असत आणि रिकाम्या गोणी बायका घरी अंथरायला नेत. मग आफ्रिकेने बी द्यायची कमी केली. कोणी म्हणे तिथे लढाई चालू आहे, कोणी म्हणे त्यांनी स्वतःचे कारखाने घातले. आम्हाला काय कळणार? आम्हाला एवढंच कळलं की गोणी येईनाशा झाल्या आणि काम शिमग्यापासून पावसाळ्यापर्यंतचं उरलं. गावची बी संपली की कारखान्याला कुलूप. माल विकत घेणारं मोठं गिऱ्हाईक तेव्हा रशिया. रशिया घेतो म्हणजे आमचा भात शिजतो, इतका सरळ हिशेब. रेडिओवर मॉस्कोचं नाव आलं की आमच्या वाडीतल्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत. हसायला येतं आज, पण खोटं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या मध्याला रशियाची मागणी एका वर्षी खाली आली. मालक महिनाभर तोंड पाडून फिरला आणि मग मुंबईच्या एका एजंटामार्फत त्याने अमेरिकेची ऑर्डर मिळवली. आमच्या कारखान्याची अमेरिकेची पहिली ऑर्डर! नियम आले ते बघून बायकांचे डोळे फिरले. डोक्याला फडकं बांधायचं. बांगड्या काढायच्या. केसांत फूल नाही. आता फाल्गुन-चैत्रात आमच्याकडच्या बाईला फूल माळू नको म्हणणं म्हणजे जेवू नको म्हणण्यातलं. सुरंगीचे दिवस ते. पांढरट कळ्यांचे वळेसार बाजारात यायचे, वास आडव्या रस्त्यापर्यंत. बायका कुरकुरल्या, पण कारखान्याच्या दाराशी वळेसार काढून कुंपणाला अडकवायच्या आणि घरी जाताना परत माळायच्या. फक्त आईला काढायला काही नव्हतं. विधवेने फूल माळायचं नाही, ही रीत तिने वडील गेल्यापासून पाळली होती, आणि मी कितीही भांडले तरी मोडली नव्हती.

मी एकोणीस वर्षांची, मॅट्रिक पास, म्हणून डब्यांवर आकडे उमटवायचं काम माझं. आकडा कोरलेला पत्रा डब्यावर धरायचा आणि वरून काळा रंग फिरवायचा. पहिल्या डब्यावर एकचा आकडा मी स्वतः उमटवला, आणि त्या डब्याची पूजा झाली. आमच्याकडे होडी पाण्यात घालताना पूजा, नांगर धरताना पूजा, मग सातासमुद्रापार जाणारा डबा तसाच कसा जाईल? झाकण लावायच्या आधी, गरांनी काठोकाठ भरलेला डबा पाटावर ठेवला. मालकीणबाईने हळदकुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने सुरंगीचा वळेसार डब्यावर वाहिला. गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्याने गाऱ्हाणं घातलं: "बा देवा रवळनाथा, आज तुझो हो डबो अमेरिकेक जाता हा. वाटेत तेका पाणी लागा नये, कोणाची दीठ पडा नये, नि थंयच्या साहेबाक गोड लागांदे रे म्हाराजा!" आम्ही सगळ्या एका सुरात, "व्हय म्हाराजा!" मग नारळ फुटला. चाळीस जणींनी खोबरं खाल्लं. वळेसार उचलला, झाकण बसवलं, कारागिराने डाग देऊन डबा बंद केला. हे मी इतकं सविस्तर सांगते आहे, कारण पुढे एकीच्याही तोंडून ते निघालं नाही.

त्या वर्षी मालकाने गोव्याकडूनही बी आणली होती, म्हणून दसऱ्यापर्यंत काम चाललं. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मुंबईचा एजंट मोटारीने आला. हातात पत्र आणि एक प्लास्टिकची पिशवी. त्या पिशवीत एक सुकलेली, तपकिरी पडलेली कळी. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला काजूत कीड सापडल्यासारखं झालं होतं, आणि सगळा माल तिथे अडवून ठेवला होता. आम्हाला अंगणात उभं केलं. एजंटाने पत्र वाचलं: डबा नंबर एक, अगदी वरच्या थरात. "हे कसलं फूल आहे? कोणाच्या डोक्यातलं?" त्याने विचारलं.

 मालकाने सुपरवायझरकडे पाहिलं. हा सुपरवायझर म्हणजे मालकाचा मेहुणा. काम शून्य, आवाज मोठा. तो आईसमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "शेवटचो हात तुझो." आई म्हणाली, "माझो. पण मी फूल माळणंय नाय, तुमका म्हायत आसा." तेव्हा तो चाळीस बायकांसमोर, एजंटासमोर, माझ्यासमोर हसला आणि म्हणाला, "घोव नाय, नि मगे फुला कोणासाठी माळलंस गो?"

नवरा नसलेल्या बाईला असं, सगळ्यांदेखत. मी पुढे झाले तर आईने माझा हात असा धरला की मनगटावर बोटं उमटली. मी बायकांकडे पाहिलं. आईच्या शेजारच्या स्टुलावर बसणारी, आमच्याच वाडीतली, दहा वर्षं आईच्या डब्यातली आमटी खाल्लेली बाई पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती. बाकीच्या तिच्यापेक्षा वेगळ्या नव्हत्या. आईला तिथल्या तिथे काढून टाकलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

घरी येताना पायवाटेवर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डबा नंबर एक! वरचा थर! मी ओरडलेच, "आये, ता पूजेचा फूल!" आई थांबलीसुद्धा नाही. म्हणाली, "माका थंयच कळला."

"मगे बोललंस कित्याक नाय?"

"देवाक वाह्यलेला फूल ता. देवाच्या फुलाची चूक झाली म्हणान परक्या माणसाक कशी सांगू? नि मालकीणबायच्या हातचा. तिचो काय दोष?"

मी कपाळावर हात मारून घेतला. देवाला सांभाळायला देव समर्थ आहे, मालकीणबाईला सांभाळायला मालक आहे. आईला सांभाळायला कोण? पण तिच्याशी वाद घालून उपयोग नसायचा. मी तिथेच मनाशी ठरवलं की ज्या अंगणात आईचं नाव घालवलं, त्याच अंगणात, त्याच बायकांसमोर, मालकाच्या तोंडून ते परत घ्यायचं. नाही घेतलं तर मी तिची मुलगी नव्हे.

गावाला चघळायला काय लागतं? आठ दिवसांत 'कोणासाठी'चं 'कोण तो' झालं. देवळात आई बसली की शेजारची बाई मुलाला लघवीला नेण्याचं निमित्त करून उठायची. चुलतकाका ओटीवर येऊन सांगून गेले, जत्रेला यंदा तू येऊ नकोस, उगाच चर्चा. वायंगणीच्या, म्हणजे हिवाळी भाताच्या, लावणीलाही कोणी तिला बोलावलं नाही. आई हळूहळू घराबाहेर पडेनाशी झाली. विहिरीवरही मी जायचे. तिला माणसांचा राग नव्हता. तिला वाईट एकाच गोष्टीचं वाटायचं, की इतकी वर्षं सांभाळलेलं नाव असं एका वाक्यात गेलं. ती मला म्हणायची, "नाव जाता तेचा काय नाय गो, पण न केलेल्याचा गेला." हे ऐकलं की माझ्या अंगाची लाही व्हायची.

आणि तरी मी कारखाना सोडला नाही. शिमगा झाल्यावर हंगाम सुरू झाला तशी परत जाऊ लागले. लोक म्हणाले, पोरीला लाज नाही. म्हणू दे. साप मारायचा तर बिळाजवळ बसावं लागतं.

रशियाची ऑर्डर त्या वर्षी आणखी आखडली होती. मालकाचा सगळा जीव अमेरिकेत अडकला होता. गिऱ्हाइकाने कळवलं होतं, एजंट कारखाना बघून समाधानी असेल तरच यंदा माल घेऊ. आणि नेमकी निवड बिघडली होती. आईच्या जागी बसवलेल्या बाईच्या हाताखालून डागी गर सुटत होते. मुंबईला पाठवलेला नमुना परत आला. एजंट यायला चार दिवस राहिले तेव्हा मालकाने मला ऑफिसात बोलावलं. साहेबाने काही विचारलं तर शुद्ध मराठीत उत्तर देणारी बाई हवी, ती तू, असं म्हणाला. आणि मग हळूच, "आईची तब्येत बरी आहे ना?"

नाक दाबलं की तोंड उघडतं. मी म्हटलं, "आई येईल. पण आधी अंगणात सगळ्यांसमोर सांगा की चूक तिची नव्हती. ते फूल पूजेचं होतं, तुम्हाला माहीत आहे."

तो रागावला नाही. उलट थकल्यासारखा खुर्चीत बसला. "माहीत आहे मला. त्याच दिवशी कळलं होतं. पण मी काय करायचं? देवावर घालू, की माझ्या बायकोवर?"

"म्हणून माझ्या आईवर घातलंत."

"तिला परत घेतो. उद्यापासून बसू दे. सांगणं-बिंगणं नको."

मी नाही म्हणणार होते. पण निरोप माझ्या आधी घरी पोचला, आणि आईने लुगडं धुऊन वाळत घातलं होतं. सहा महिन्यांत पहिल्यांदा ती गुणगुणत होती. मला म्हणाली, "गप रव हां. माका बसूक जागा गावली, खूप झाला." दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागच्या दाराने आत गेली आणि आपल्या टेबलाशी बसली. तिचे हात ढिगात शिरले आणि डागी गर आपोआप बाजूला पडू लागले. शेजारच्या स्टुलावरच्या बाईने तिला पान देऊ केलं. आईने घेतलं. मी असते तर थुंकले असते.

एजंट आला. स्वच्छ फरशी, फडकी, उघडे हात, सगळं त्याने बघितलं. निवडीच्या टेबलाशी, आईपासून दोन हातांवर उभं राहून त्याने मालकाला विचारलं, "त्या फुलाच्या प्रकरणाचं काय केलंत?"

मालक म्हणाला, "ती बाई तेव्हाच काढून टाकली साहेब. चालचलणुकीला बरी नव्हती. नवी चांगली बाई बसवली आहे, ही बघा." आणि त्याने आईकडे बोट दाखवलं.

आईने मान वर केली नाही. तिचे हात मात्र थांबले. त्या हातांना मी कामाच्या मध्ये थांबलेलं कधी पाहिलं नव्हतं, आणि तिथे माझं डोकं फिरलं.

मी पुढे झाले. ऑफिसातलं मराठी मला शाळेने शिकवलं होतं, ते त्या दिवशी कामाला आलं. म्हटलं, "साहेब, काढून टाकलेली बाई हीच. ही माझी आई. विधवा आहे, फूल माळत नाही. डबा नंबर एकचा आकडा मी उमटवला. त्या डब्याची झाकण लावायच्या आधी पूजा झाली आणि मालकीणबाईंनी वर सुरंगीचा वळेसार वाहिला. वरच्या थरात कळी सापडली ती त्यातली. मालकांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. चार दिवसांपूर्वी त्यांनीच मला सांगितलं."

सुपरवायझर धावत आला. आपण मालकाला वाचवतो आहोत असं त्या बैलाला वाटलं असावं. म्हणाला, "साहेब, पूजा काय, ती आमी दरवर्षीच करतो! यंदाची उद्या सकाळी आहे, तुमीपण थांबा, नारळ घ्या!"

एजंटाला हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. तो मालकाला म्हणाला, "फूल पडतं, मी समजू शकतो. पुढच्या वेळी झाकण लावून पूजा करा म्हणून सांगितलं असतं आणि विषय संपला असता. तुम्ही मला बाई दाखवलीत. आज परत दाखवलीत. ही मुलगी म्हणते ते खरं का?"

मालक खाली बघत पुटपुटला, "बाईची चूक नव्हती."

"मोठ्याने बोला," मी म्हटलं. "मागच्या रांगेला ऐकू आलं नाही."

"बाईची चूक नव्हती! फूल आमच्या पूजेचं होतं!" तो ओरडला. चाळीस जणींनी ऐकलं. मेहुण्याचा चेहरा असा झाला होता की मी आजही मनात आणून बघते आणि पोट भरतं. आईने डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, फिटलं. सगळं फिटलं.

अमेरिकेची ऑर्डर दक्षिणेतल्या कुठल्यातरी कारखान्याला गेली. एजंटाने नंतर पत्रही पाठवलं नाही. आई आणि मी दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा दार आमच्यासाठी बंद होतं, ते साहजिकच होतं. आईला तिची जागा मिळून पाच दिवस झाले होते. रशियावर मालकाने आणखी एक हंगाम रेटला. मग तिथूनही पुरेशी मागणी येईना, आणि एका चैत्रात कुलूप लागलं ते निघालं नाही. आफ्रिका गेली, अमेरिका गेली, रशिया गेला, आता काय गोणींवर नाचणार? मालक सावंतवाडीला मुलीकडे राहायला गेला. चाळीस जणी घरी बसल्या.

त्यांच्या डोळ्यांत मग मी सलू लागले. आईचं नाव परत मिळालं होतं, कोणी नाकारत नव्हतं. पण आता बोलणं असं, की आवशीचा नाव राखूक चेडवान गावचो घास घालवलो. मला तोंडावर बोलायची हिंमत नव्हती कोणाची. आईला ऐकवायचे. आणि आई घरी येऊन मला काही बोलायची नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडायची. खरं सांगते, मला वाटायचं ती त्यांच्याच बाजूची. माझ्यामुळे तिची जागा गेली, हे ती मनात धरून असणार. मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची, आणि मला कशाची भीती वाटली अशा गोष्टी थोड्याच आहेत.

एका सकाळी आम्ही दोघी विहिरीवर होतो. पाच-सहा जणी होत्या. ती शेजारच्या स्टुलावरची बाई राजू, म्हणजे विहिरीचा दोर, ओढता ओढता आईला म्हणाली, "तुझ्या चेडवान जरा तोंड आवरल्यान असता, तर आज आमच्या पोरांक उपाशी निजूचा लागला नसता. एकदा तिका सांग तरी, चुकलंस म्हणान."

मी तोंड उघडलं. आईने हाताने मला थांबवलं. माझी आई, जी आयुष्यात कोणाला उलटून बोलली नव्हती, तिने आपली भरलेली कळशी कठड्यावर ठेवली आणि एकेकीच्या तोंडाकडे बघितलं.

"पूजेचा खोबरा तुमी सगळ्यांनी खाल्लास," ती म्हणाली. "तेव्हा एक जण तरी बोलली असती, तर माझ्या चेडवाक बोलूचा लागला नसता. त्या दिवशी गप रवलास. आता पण गपच रवा."

 आईने कळशी कमरेवर घेतली, मला म्हणाली, "चल," आणि आम्ही घरी आलो.